डिपो कशाचा होता?

गोंदियाहून गाडीत बसले तेव्हा एकच काळजी होती: मैत्रिणीच्या, सुषमाच्या सासऱ्यांना, म्हणजे काकांना, काय सांगायचं? मी कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते. उसाच्या मळ्यांवरची गुलामगिरी हा माझा विषय, आणि सुषमाचा रायपूरहून फोन आला तो त्यासाठीच. "काकांनी दुकान बंद करून ठेवलंय. माझं ऐकत नाहीत. तूच समजाव."

सुषमाच्या सासरच्यांना सारा बूढापारा (पारा म्हणजे वस्ती) 'डिपोवाले' म्हणतो. किराणा दुकानाच्या पाटीवरही तेच. डिपो कसला, हे कोणी विचारलं नव्हतं. मग वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादहून एक कुटुंब पणज्याचं गाव शोधत आलं. दुकानाशी पाणी प्यायला थांबलं आणि सहज बोलून गेलं की, मळ्यांवर न्यायचे मजूर आधी 'कुली डिपो'त ठेवत. काकांनी धसकाच घेतला. आपला आजा माणसं पाठवणाऱ्यांतला तर नव्हता?

स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याला म्हटलं, "बूढापारा, डिपोवाल्यांकडे." "हव (हो), बैठो दीदी," म्हणत त्यानं मला थेट बस डिपोत नेऊन उतरवलं. वर म्हणाला, "आप ही तो बोले, डिपो!" बूढा तालाबाच्या कडेनं, स्कूटरींतून वाट काढत शेवटी पोचलो.

काका पुढ्यातल्या फऱ्याला (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) हातही लावत नव्हते. मी बसते न बसते तोच म्हणाले, "मॅडम, मले एक सांगा. त्या मळेवाल्याहिले आपलेच लोकं काहून पाहिजे होते?"

मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. तोडलेला ऊस थांबत नाही, रस आंबतो. हंगामात तोडणी आणि गाळप रात्रंदिवस चालणार. असं मरमर काम राजीखुशीनं कोण करील? म्हणून आफ्रिकेतून माणसं विकत आणली. पुढं कायद्यानं गुलामी संपली, तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना; राबणाऱ्यांना काही नाही. ती माणसं मोकळी होऊन मळ्यांतून निघू लागली, नाहीतर नीट मजुरी मागू लागली. मग मालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षांचं ॲग्रीमेंट, त्याचंच झालं गिरमिट. गावोगाव अरकाटी (मजूर गोळा करणारे दलाल) फिरत. त्रिनिदादचं 'चीनीदाद' करून सांगत, चला, तिथं बसून चीनी (साखर) चाळायची आहे.

सुषमाची मुलगी मराठी ऐकून हिंदीत बोलते. "मतलब, झूठ बोलके ले गए?"

"हव. अन् आपण डिपोवाले," काका म्हणाले.

"कोणाला विचारलंत का तुम्ही?" मी म्हटलं.

सुषमाच बोलली, "आक्का आहेत की बीरगावला. काकांची मोठी बहीण."

"तिले विचारायची हिंमत नाही होऊन राहिली," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "आक्का खोटं नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच ऑटोत बसवलं. उरला भागातल्या कारखान्यांचे ट्रक, झाडांच्या पानांवर काळी भुकटी, आणि एका बोळात आक्कांच्या मुलाचं घर. आक्कांनी ठेठरी (बेसनाची तळलेली कडक कडबोळी) पुढं ठेवली. काका गुडघेदुखीवर बोलले, मग उकाड्यावर, मग पुन्हा गुडघ्यांवर. मला राहवेना.

"आक्का, तुमचे आजोबा कुली डिपोत होते का हो?"

"कायचा कुली? लाकडाचा डिपो! मुनशी होते ते. आम्ही पोट्टे ओंडक्यावरून उड्या मारत होतो. हा तवा पाळण्यात, याले काय मालूम!"

काकांनी विचारलं, "अन् त्याच्या आधी?"

माझ्याही मनात तेच होतं. आक्कांनी पाहिलेला डिपो लाकडाचा असेल. आजोबांच्या ऐन जवानीचं काय?

"आधी भंडाऱ्याले शेती करत. आपले बाबा शाळेत जाऊन राहिले होते, तवा आले इकडं."

बाबांचं जन्मसाल विचारलं, मनात हिशेब केला, आणि माझाच जीव भांड्यात पडला. "काका, तुमचे आजोबा रायपुरात आले त्याच्या आधीच, १९१७ च्या सुमाराला, गिरमिट कायद्यानं बंद झालं होतं."

काकांनी तोंडावरून गमछा फिरवला आणि ठेठरी उचलली.

"एवढ्यासाठी दुकान बंद ठेवलं? बह्याडच आहे तू!" आक्का म्हणाल्या. "पाऱ्यातले लोकं बिनशकरेचा चहा पिऊन राहिले का मग?"

काका हसले. मग चावता चावता थांबले. "पण आक्का, ज्याचा आजा खरंच असन त्याच्यात, त्यानं काय करावं?"

"कोणी विचारलं तर सांगावं. दार लावून नाही बसावं."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. डोंगरगडपर्यंत मी नुसतीच बाहेर बघत होते, हलकी होऊन. काका सुटले होते, मीही सुटले होते. उत्तर उलटं निघालं असतं तर काय बोलायचं, याची तयारी माझ्याकडे नव्हतीच. मग लक्षात आलं: इतकी वर्षं मी फळ्यावर 'मजुरांचा पुरवठा' असं लिहीत आले आणि लगेच पुढच्या ओळीवर गेले. पुरवठा काय आपोआप होतो? कोणीतरी गावात येऊन, ओट्यावर बसून, पाणी मागून माणसं बोलावून नेली. त्याचीही नातवंडं इथंच कुठंतरी असतील. सोमवारी वर्गात तो शब्द आला की मी थांबणार आहे, आणि आधी सांगणार आहे की पुरवणारे कोण होते. कोणा पोरानं विचारलं, "मॅडम, आमच्यातले पण?" तर हो म्हणणार आहे.