आबांचं थांबणं

सापासमोर उभे राहिले की आबा आधी काहीच करत नसत. काठी जमिनीला टेकवलेली, पिशवी काखेत, नजर केळीच्या पाल्यावर. जमलेली माणसं चुळबुळत, "आबा, धरा ना आता." आबांनी पहूरच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं. पण ते मूळचे पिंपळनेरचे, आणि सापापुढे त्यांची अहिराणीच बाहेर येई : "घाई कोणले शे? त्याले की तुले?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर आबा शाळेच्या ओट्यावर बसून लोकांना सापांची माहिती देत. ठेचू नका, हात घालू नका, हेच पुन्हापुन्हा. ऐकायला मी, आणि सावलीला टेकलेले दोघेतिघे.

त्यांची नात राणी जळगावला मेहरूणमध्ये राहून शिकत होती. सुट्टीत येऊन म्हणाली, "आबा, ओट्यावर कोणी येत नाही. मोबाइलवर टाकू, सगळं गाव शिकेल."

"मोबाइलमधला साप चावस का?" आबा म्हणाले. "मंग लोक शिकतीन काय?"

तरी नातीपुढे त्यांनी मान तुकवली. तिने व्हिडिओ काढला आणि कापून छोटा केला. पाला हलतो, आबांचा हात जातो, साप पिशवीत. आबांनी तो पाहून एवढंच विचारलं, "मी थांबेल व्हतू, ते कोठे गयं?"

"तेवढं कोण बघणार, आबा?" राणी हसली.

ओट्याकडे न फिरकलेल्या गावाने हा व्हिडिओ मात्र डोळे झाकून मानला. माणूस आपला, बोली ओळखीची, बाग आपल्यासारखी, आणि पाठवणारा कोणाचा भाऊ, कोणाचा मेहुणा. शंका घ्यायची कोणावर? टपरीवर गावातला शेतकरी सुदाम म्हणाला, "आबा, तुम्ही आता आराम करा. आम्ही बी मास्तर झालो!" सगळे हसले. आबांनी चहा तसाच ठेवला आणि ते उठले.

केळीची कापणी चालू असताना सुदामने स्वतःच्या बागेत घोणस धरली. त्याला जळगावला नेलं. परत आणलं ते जाळायलाच. आबा भेटायला गेले तेव्हा त्याची बायको जराही न रागावता म्हणाली, "आबा, तुमचंच पाहून शिकले होते ते."

राणीने रडत व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो घरोघरच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. मग आबांनी दुसरा करायला लावला, आणि त्याला कात्री लावू दिली नाही. त्यात आबा नुसते उभे आहेत. पाला स्तब्ध. कुठेतरी पंप चालू आहे. बऱ्याच वेळाने साप आपणहून बांधाकडे निघून जातो. त्याला धरावंच लागत नाही. तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

या हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. दुपारी गावाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली, आणि त्यांच्यासोबत पुन्हा तोच छोटा व्हिडिओ. सुदामच्या बांधाला बांध असलेल्या एकाने खाली लिहिलं, "आबांची विद्या आम्ही पुढे चालवू."

मी काही न लिहिता आबांचा तो लांब व्हिडिओ त्याखाली टाकला. लगेच त्यावर अंगठे उमटू लागले. व्हिडिओत आबा तर अजून काठी टेकवून उभेच होते.