लुगड्यावरून घेतलेले माप

रविवार, ११ जानेवारी २००४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ही वेळ माझ्या नोंदवहीत आहे. त्या वेळी मी काय केले, ते नाही. ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — तुम्हाला सांगते आहे.

बोरी बुद्रुकच्या शाळेच्या ओसरीवर मी जोडप्यांच्या कमरेचा घेर मोजत होते, उपाशीपोटी रक्त घेत होते. माझ्या प्रबंधाचा प्रश्न सरळ होता — घेर सारखाच असेल, तर इन्शुलिनला न जुमानण्याची शरीराची खोड पुरुषात अधिक, की स्त्रीत? आधीच्या गावांचे अहवाल हाती होते. सारख्या घेराला बायका अधिक सुरक्षित दिसत होत्या. मला तेच हवे होते.

पुरुष सदरा वर करत. बायकांना लुगडे सैल करायला सांगायचे — चारचौघांत? संकोच होता, की घाई? मी टेप लुगड्यावरूनच फिरवत आले होते.

शेवटी कौसल्याबाई उरल्या. पंचेचाळिशीच्या, नऊवारीतल्या. मी म्हणाले, चौऱ्याण्णव. त्या हसल्या. "ताई, ह्यातलं निम्मं पोट माझं न्हाई, लुगड्याचं हाय."

"मंग लुगड्याची बी साखर तपासा," मागून त्यांचा नवरा.

ओसरी हसली. कौसल्याबाईंनी मात्र मला वर्गात नेले, दार लोटले, ओचा आणि गाठ सोडली. "आता मोजा."

शहाऐंशी. मी पेन्सिलीने लिहिले.

आठ सेंटिमीटर. आधीच्या साऱ्या बायका मी तशाच मोजल्या होत्या. हिशेब मला तिथेच, उभ्या उभ्या कळला — प्रत्येकीच्या घेरातून एवढे वजा केले, तर माझा फरक उरत नाही. स्त्री-पुरुषांत असा फरक खरोखर असेलही. माझ्या कागदांवर तो कापडाचा होता. फेरमोजणीला पंधरा दिवस लागले असते. नव्हते का माझ्याजवळ? होते.

प्रबंधाचे कौतुक झाले. उन्हाळ्यात मी गावात निष्कर्ष सांगायला गेले; पुढच्या साखर-तपासणीच्या यादीत पुरुषच घेतले. कौसल्याबाईंनी विचारले, "मंग आमी न्हाई ना यायचं?" मी म्हणाले, "तुम्हाला गरज नाही." त्यांचे इन्शुलिन नवऱ्याहून जास्त होते, म्हणजे ती खोड त्यांच्यातच अधिक; साखर काठावर. तो अहवाल माझ्या पिशवीत होता.

चार वर्षांनी त्या मंचरच्या बाजारात भेटल्या. पायाला पट्टी — सहा महिने न भरणारी जखम. "तुमी सांगितलं व्हतं, म्हणून निवांत व्हते," म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे. मग माझीच खुशाली विचारली.

मी ठीक असल्याचे सांगितले.

त्या रविवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, वर्गात कौसल्याबाई पाठमोऱ्या होऊन गाठ मारत होत्या. मी खोडरबर काढला. शहाऐंशी पुसले, आणि त्यांच्या नावापुढे सर्वेक्षणातला शेवटचा आकडा शाईने लिहिला — ९४.