बिस्किटांचा मांडव

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. माझं माहेर अलिबागजवळचं. तिथे आमची प्रार्थनेची मशीद होती (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) आणि सणाला अंगण भरून माणसं असत. लग्नानंतर यजमानांची पाटबंधारे खात्यातून पवनीला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. मी शाळेत शिकवायला लागले. आमच्या माणसांचं दुसरं घर इथे नव्हतं, आजही नाही.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मला भीती वाटायला लागली, की हिला आपले सण कळणार कसे? दाखवायला मशीद नाही, बरोबरीची मुलं नाहीत. मग मी ते खाऊतून करायला लागले. नव्या वर्षाच्या सणाला सफरचंदाच्या फोडींचे पक्षी करायचे आणि मधात चोच बुडवून खायचे. हनुक्याला, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाला, केळ्याच्या जाड चकत्यांवर गाजराच्या मेणबत्त्या उभ्या करायच्या, टोकाला काजूच्या पाकळीची ज्योत. आठ दिवस रोज एक मेणबत्ती वाढायची. यजमान ऑफिसातून आले की त्यांना आधी ज्योत खायला मिळायची.

तिला सगळ्यात आवडायचा मांडवाचा सण. आमचे पूर्वज रानात झोपड्या बांधून राहिले, त्याची ती आठवण. आम्ही ग्लुकोज बिस्किटांच्या भिंती गुळाच्या पाकाने चिकटवायचो आणि वर कोथिंबिरीचं छप्पर घालायचो. छप्पर विरळ लागतं, आतून आभाळ दिसायला हवं. ती डोळा लावून तपासायची.

ती लग्न होऊन इस्रायलला गेली. सहा वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी तिने मला तिकडे नेलं, तीन महिने राहिले. नात तेव्हा नुकती बोलायला लागली होती, सगळं हिब्रूत. मी मराठीत गोष्ट सांगायला लागले की ती शहाण्यासारखी बसायची आणि मग आईकडे बघायची, हे काय चाललंय अशा नजरेने. मी परत आले. कारण विचारलं तर थंडी सोसत नाही म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. "आई, ती आता पाच वर्षांची झाली. तू माझ्याबरोबर करायचीस तसा मांडव तिच्याबरोबर कर ना. तू तिकडे, ती इकडे. व्हिडिओवर."

मांडवाचा सण बहुतेक वर्षी कोजागिरीच्या आसपासच येतो. तेव्हा तर त्याच दिवशी संध्याकाळी लागत होता. तिकडे सूर्य मावळायच्या आत करायचं ठरलं, म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा. मी पाचलाच तयारी मांडली. भिंतींसाठी सारखी बिस्किटं निवडली, कोथिंबीर धुऊन कोरडी केली, डाळिंब सोललं. पाक दोनदा केला, कारण पहिला घट्ट झाला. फोन डब्याला टेकवून उभा केला आणि केस विंचरून बसले.

सव्वासहाला मेसेज आला. "आई, ती मैत्रिणीकडे गेलीय, यायला तयारच नाही. परवा करू या?"

मी "हो, चालेल" असं लिहिलं. पाक पुन्हा आळायला लागला होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून मी एकटीच भिंती उभ्या करायला बसले. दोन भिंती झाल्या आणि तिसरी धरता धरता मला रडू आलं. हात चिकट, डोळे पुसता येईनात.

तेवढ्यात शेजारची मुलगी दारात आली. चौथीत आहे. कोजागिरीपर्यंत इथल्या मुली भोंडल्यासारखी भुलाबाईची गाणी म्हणतात.

"आजी, आज भुलाबाईचा शेवटचा दिवस. आई म्हनते, आजीले बोलवून आन." मग तिने ताटाकडे पाहिलं. "हे काय करून राहिल्या तुमी?"

"मांडव. आज आमचा सण आहे."

"आमच्या भुलाबाईलेबी आज माळा करतेत. जवारीच्या धांड्यायचा. असाच मांडव!" ती जवळ आली. "हे खायाचं हाय?"

"सगळंच खायचं."

ती न विचारता खाली बसली आणि पडायला आलेली भिंत दोन्ही हातांनी धरली. मी पाक सोडला. कोथिंबीर तिनेच पसरली. विरळ ठेव म्हटलं, तर म्हणाली, "काहून?" मी सांगितलं. तिने लगेच वाकून आतून वर पाहिलं.

"तुमच्यातले बाकीचे लोक कुठं हायेत?"

"इथे मी एकटीच."

"पुऱ्या पवनीत?"

"जिल्ह्यातसुद्धा बहुतेक."

तिला ते पटेना. "मंग तुमी सन कोनासंग करता?"

मी डाळिंबाचे दाणे लावत राहिले. ती म्हणाली, "हे खिरापतीले चला घेऊन. झाकून आनजा. कोनालेच ओळखू येनार नाई."

खिरापत म्हणजे गाणी झाल्यावर वाटायचा खाऊ. तो झाकून आणतात आणि मुलींनी ओळखायचा असतो. मी मोठ्या पातेल्याखाली मांडव झाकून त्यांच्या अंगणात नेला. ज्वारीच्या पाच धांड्यांच्या माळ्यात मातीची भुलाबाई बसली होती. गाणी झाली. चिवडा ओळखला, बर्फी ओळखली, माझं पातेलं मात्र कुणालाच जमेना. शेवटी शेजारच्या मुलीने ते उचललं तेव्हा मुली एकदम ओरडल्या. दोन मिनिटांत छप्पर, भिंती सगळं संपलं. मी हसत होते. हे आपल्या कुणाला तरी सांगावं म्हणून बाजूला वळले, तर तिथे खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या.

ठरलेल्या दिवशी फोन आला. त्या संध्याकाळी मी एक मांडव करून टाकला, हे मुलीला आधीच कळवलं होतं. नातीने दुकानातला तयार संच आणला होता, भिंती आधीच कापलेल्या. माझं एक बिस्किट लावून होईपर्यंत तिचा मांडव उभा राहिला. तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि भराभर काहीतरी सांगितलं. त्यातला 'सव्ता' तेवढा कळला, म्हणजे आजी.

"ती म्हणतेय, तू आधी केलेला कुठे आहे?" मुलीने सांगितलं.

"मुलींनी खाल्ला."

मुलीने ते तिला सांगितलं. नातीने कपाळाला आठ्या घालून काही विचारलं. "कोणत्या मुलींनी, म्हणतेय," मुलगी म्हणाली.

मी भिंतीकडे बोट केलं, शेजारच्या घराकडे. तिला भिंतच दिसली असणार. ती हसली, हात हलवला आणि मांडव घेऊन पळाली. मुलगी "आलेच हं, आई" म्हणून तिच्यामागे गेली.

फोन त्यांच्या टेबलावर उताणा राहिला. मला त्यांचं छत दिसत होतं, पांढरं, एका कोपऱ्यात पंखा. भांड्यांचा आवाज आला, नात कशाला तरी नाही म्हणत होती, जावई हसला. मी हाक मारली नाही. पदराने हात पुसले आणि तिकडून कुणीतरी फोन बंद करेपर्यंत ऐकत बसले.