बाराव्यांदा ‘वास नाही’

नाकरावांचं नाक दिसायला अगदीच बेताचं होतं. टोपणनाव ऐकून लोक काहीतरी भरघोस बघायला मिळेल या आशेने यायचे आणि हिरमुसून जायचे. नाव पडलं होतं ते कामामुळे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं मदतनीस होते आणि सगळं गाव जे पाणी पिणार, ते रोज सकाळी सात वाजता गावाच्या आधी हुंगायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं, मंद आचेवर कोमट करायचं, चंबू गोल हलवायचा, बूच काढायचं आणि नाक लावायचं. मग नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्यात लिहायचं: वास नाही. वर्षातून चार-दोनदा लिहावं लागायचं, मातीसारखा, किंवा कुजक्या गवतासारखा. तसं लिहिलं की धावपळ व्हायची, तलावावर माणसं जायची. प्रयोगशाळेत यंत्रं पुष्कळ आली, पण हुंगणारं यंत्र काही शेवटपर्यंत आलं नाही.

साहेब म्हणायचे, “नाकराव, तुमची बदली होणं शक्य नाही. तुमच्या जागी दुसरं नाक आणायचं कुठून?”

या थट्टेचा त्यांना भलताच अभिमान होता. घरीसुद्धा दुधाच्या पातेल्यावर वाकून ते जाहीर करायचे, “हे दुपारी नासणार.” आणि ते दुपारी नासायचं. बायको म्हणायची, “तुम्ही बोलून बोलून नासवता.”

निवृत्तीला पाच वर्षं झाली तेव्हा सुनेने घरात टाकी आणली. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर माणसांना अक्षरं वाचायला लावून तिचा जीव आंबून जायचा. संध्याकाळी काहीतरी न बोलणारं बघायला हवं, असं तिचं म्हणणं. अडीच फुटी काचेची टाकी, तळाशी काळी वाळू, लाकडाचा एक वाकडा ओंडका, त्याच्यावर शेवाळाच्या गाद्या, मागे लांब पातींची झाडं आणि त्यातून फिरणारे बोटाच्या पेराएवढे पंधरा मासे. टाकी ठेवली ती बैठकीत, नेमकी नाकरावांच्या खुर्चीसमोर. टाकीवर एक कागद चिकटवलेला होता: तारीख, पाणी बदललं का, दिवा किती तास. चौथा रकाना नाकरावांनी स्वतः आखून दिला होता. वास. एकतीस वर्षांची सवय, जाते कुठे. पण आखून दिल्यावर तो त्यांनी कधी भरला नाही. सुनेला वाटलं, म्हातारपणाचा आळस.

एका दुपारी पेपर वाचता वाचता तो वास आला. ओल्या मातीचा, बंद तळघराचा, मुरलेल्या पाण्याचा. तलावाचं पाणी संथ झालं, तापलं आणि त्यात निळं-हिरवं शेवाळ माजलं की येतो तो. दुसरा कुणी असता तर त्याने टाकीकडे बघितलं असतं. नाकरावांनी टाकीकडे पाठ केली, उठून मोरीत गेले आणि साबणाने तोंड धुऊन आले.

कारण तो वास त्यांना गेली नऊ वर्षं येत होता.

टॉवेलला यायचा, चहाला यायचा. व्याह्यांच्या घरी कोऱ्या गादीवर झोपले तर उशीला यायचा. सुरुवातीला ते विचारायचे, “तुम्हाला काही वास येतोय का हो?” लोक चारी दिशांना हुंगून नाही म्हणायचे. मग त्यांनी विचारणं सोडलं.

गंमत अशी, की नोकरीतल्या ज्या अकरा दिवसांचा तो वास होता, त्या अकरा दिवसांत तो त्यांना आलाच नव्हता. त्यांना जबर सर्दी झाली होती. नाक कसलं, नुसती भिंत. साहेबांना सांगायचं होतं; पण साहेब पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत होते आणि नाकरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आणि हे आमचं सगळ्यात जुनं यंत्र. एक दिवस बंद पडलेलं नाही.” आता या वाक्यानंतर कोण सांगणार? नाकरावांनी चंबू हलवला, बूच काढलं, काही आलं नाही, आणि लिहिलं: वास नाही. दुसऱ्या दिवशीही. खोटं तरी कसं म्हणायचं त्याला? येत नव्हता, हे खरंच होतं.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक बाई आली. खालच्या वस्तीतली. हातात औषधाची धुतलेली काचेची बाटली, त्यात नळाचं पाणी. “दादा, जरा बघा ना. मातीसारखा वास येतोय. सासूबाईंना दोन दिवस नुसत्या उलट्या चालल्यात.”

नाकरावांनी तिच्यासमोर झाकण काढलं, हुंगलं. “काही नाही, ताई.”

“अहो, मला इथपर्यंत येतोय.”

“सत्तावीस वर्षं हेच करतोय मी,” ते हसून म्हणाले.

ती हसली नाही. “मग राहू द्या तुमच्याकडे. परत बघा सावकाशीनं.” बाटली खिडकीत ठेवून ती गेली.

बाराव्या दिवशी नाक उघडलं, तोवर तलावात नवं पाणी येऊन गेलं होतं. मधल्या दिवसांत खालच्या वस्तीत बरीच माणसं आजारी पडली. चौकशी लागली, नोंदवही मागवली गेली. अकरा दिवस, अकरा नोंदी, एकाच सुबक अक्षरात. निष्कर्ष निघाला की पाणी स्वच्छ होतं. वस्तीतल्या लोकांनी आपापल्या टाक्या धुवाव्यात. साहेबांनी नाकरावांची पाठ थोपटली. त्या सासूबाईंचं पुढे काय झालं, हे नाकरावांनी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली असती, तर उत्तर मिळायला दहा मिनिटं लागली असती.

बाटली त्यांनी घरी आणली. उघडली नाही, टाकली नाही. कपाटाच्या मागच्या फळीवर ठेवून दिली. आणि महिन्याभरात तो वास सुरू झाला.

म्हणून आता टाकीसमोर बसून त्यांनी जे केलं, ते नऊ वर्षं करत होते तेच केलं. गप्प बसले. आठ दिवस वास रोज थोडा वाढत गेला. नवव्या दिवशी सुनेची किंकाळी ऐकू आली. वाळूवर, ओंडक्यावर, पातींच्या टोकांवर निळसर-हिरवा चकचकीत बुळबुळीत पडदा पसरला होता. बोट लावलं की सायीसारखा अख्खाच्या अख्खा उचलून यायचा.

टाकीच्या दुकानदाराला घरी बोलावलं. बायको त्याला मासेवाला म्हणायची, बिचारा दर वेळी सांगायचा, “काकू, मी विकतो ते खायचे नसतात.” त्याने वाकून बघितलं. “हे शेवाळ म्हणतात, पण आहे जिवाणूंची जात. पाणी एका जागी साचतं, वाळूत घाण राहते, दिवा दहा-दहा तास चालू, मग हे येतं. हाताने ओढून काढा, नळीने शोषून घ्या, निम्मं पाणी बदला. मग टाकीवर जाड घोंगडी. तीन दिवस उजेडाची तिरीपसुद्धा नको. हवेचा पंप चालू ठेवा. खायला घालू नका, डोकावू नका. झाडं तीन दिवस सोसतात, हे सोसत नाही.” मग हुंगून म्हणाला, “पण वास तर केव्हापासूनचा असणार. कुणाला आला नाही?”

सून सासऱ्यांकडे वळली. तिच्या आवाजात थट्टाच होती. “बाबा, तुम्ही तर दिवसभर इथेच असता. अगदी नाकाखाली हो! नाही आला?”

“नाही,” नाकराव म्हणाले.

वहीतल्या अकरा नोंदींनंतर ही बारावी वेळ. तोंडातून निघाल्यावर त्यांनी मोजली.

तीन दिवस बैठकीत ती काळी घोंगडी होती. कोपरे चिमटे लावून घट्ट बांधलेले. आतून पंपाची गुरगुर यायची, एखादं माणूस तोंडावरून पांघरूण घेऊन पडलं असावं तशी. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, “मला नाही बघवत बाई,” आणि भाजी निवडायला आत जाऊन बसली. नाकराव मात्र खुर्ची सोडून हलले नाहीत. दुपारच्या शांततेत घोंगडीखालून कुणी म्हणायचं, परत बघा सावकाशीनं. ते मान वळवून खिडकीकडे बघायचे. खिडकीत कुणी नसायचं. ती बाई असती तरी आता त्यांच्याकडे तिला द्यायला काय होतं?

चौथ्या दिवशी सकाळी सुनेने घोंगडी काढली. पडदा गेला होता. पाती फिकट पडल्या होत्या, मासे पंधराच्या पंधरा होते. सून लहान मुलीसारखी नाचली. आणि मग म्हणाली, “बाबा, आता तुम्ही सांगा. पूर्ण गेलं का? तुम्ही गेलं म्हणालात तर मी दुकानातून नाजूक झाडं आणणार आहे. नाहीतर ती मरतील माझी.”

नाकरावांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. मग म्हणाले, “असं नाही. नीट करायचं. तीन सारख्या बरण्या आण, झाकणाच्या. एकीत उकळून गार केलेलं पाणी. एकीत टाकीचं. एकीत त्या दिवशी काढलेल्या घाणीच्या बादलीतलं, वरचं नितळ. मला कळू देऊ नकोस कुठली कोणती. सगळ्या सारख्या कोमट कर.”

सुनेला मजा वाटली. ती तर रोज हेच करायची. बरण्या मांडून, सासऱ्यांना डोळे मिटायला लावून तिने दुकानातला आवाज काढला, “सांगा, हे जास्त की हे? एक की दोन?”

नाकरावांनी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. तिसरी. पुन्हा पहिली.

“दोन की तीन, बाबा?”

“तिन्ही.”

“तिन्ही कशा? एक तर उकळलेलं आहे!”

“तिन्हींना येतोय. सारखाच.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. “मला सगळ्यालाच येतो. टाकीचाही येत होता, आठ दिवस. मी खोटं बोललो.” आणि मग तसेच डोळे मिटून त्यांनी सर्दीचं, पाहुण्यांचं, खिडकीतल्या बाईचं सगळं सांगितलं. भाजीची परात घेऊन बायको दारात केव्हा येऊन उभी राहिली, ते त्यांना कळलं नाही.

सांगून झाल्यावर ते उठले, कपाटातून बाटली घेऊन आले.

“अगं बाई,” बायको म्हणाली. “ही? नऊ वर्षं मी ही पुसतेय. मला वाटलं, तुमचं कसलं औषध.”

“तू बघ,” नाकरावांनी बाटली सुनेपुढे धरली. “तुझं नाक चांगलं आहे ना? सर्दी नाही ना?”

“नाही.”

झाकण गंजून बसलं होतं. फडक्यात धरून, जोर लावून तिने ते काढलं. पाणी नितळ होतं. तिने नाक लावलं, बाटली हलवली, पुन्हा लावलं. नाकराव तिच्या चेहऱ्याकडे असे बघत होते, जसं डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतात.

“काही नाही, बाबा.”

“नीट बघ.”

“खरंच नाही. गंजाचा थोडा. बाकी नुसतं पाणी.”

त्यांनी बाटली घेऊन स्वतः हुंगली. त्यांना आला, पुरता, नाकात शिरून घशापर्यंत. नऊ वर्षांत कुणाही पुढे ही बाटली धरता आली असती. तेव्हा असलाच तर वास कधीच विरून गेला होता, आणि आता तो असलाच तर फक्त त्यांच्यात होता. गुन्हाही सिद्ध होणार नव्हता आणि सुटकाही होणार नव्हती.

सुनेने बरण्या एकेक करून हुंगल्या. “ही बादलीची. ही उकळलेली, कोरी. आणि ही टाकीची...” ती थबकली. “अजून आहे हो. अगदी थोडा. ओंडक्यामागे राहिलं असणार.”

“मग परत झाकायचं,” नाकराव म्हणाले. “आधी तिथली वाळू शोषून घे. दिवा पुढे सहाच तास.”

ती नळी आणायला गेली. नाकरावांनी पेन घेतला आणि टाकीवरच्या कागदाशी, इतके महिने कोऱ्या राहिलेल्या रकान्याशी उभे राहिले. सून परतली तेव्हा तिथे कचेरीच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: नाक बंद. दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

“बाबा, तारीख चुकलीय,” ती म्हणाली. “नऊ वर्षांपूर्वीची घातलीत.”

“असू दे,” ते म्हणाले, आणि घोंगडीचं एक टोक त्यांनी हातात घेतलं.