वेल्स लाल राहील

१२ मार्च २००७, सोमवार. जर्मनीत नेकारसुल्म गावाजवळचं आमचं ऑफिस, दुसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम. हजर : खरेदी विभागाचे प्रमुख हेर बाउमान (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत), म्हणजे माझे बॉस, कंट्रोलिंगचे, म्हणजे खर्चाचा हिशेब तपासणारे हेर कुन, हे वीस मिनिटं उशिरा आले, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून मी, आणि फोनच्या स्पीकरवर वेल्समधल्या आमच्या प्लांटचा मॅनेजर गॅरेथ.

विषय एकच. नव्या मॉडेलच्या दाराची बिजागरी कुठे बनवायची? आमची कंपनी गाड्यांच्या दारांचे सुटे भाग बनवायची. जुनी बिजागरी गॅरेथच्या प्लांटमध्ये व्हायची आणि ते काम संपत आलं होतं. नवं मिळालं तर प्लांट चालणार, नाही तर काही महिन्यांत दीडशे माणसं घरी. हे मीटिंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलून दाखवलं नाही. शर्यतीत आणखी दोन ठिकाणं होती, एक स्लोव्हाकियात आणि एक पोर्तुगालमध्ये.

अशा वेळी आम्ही एक मोठी शीट करतो. प्रत्येक ठिकाणाला दर्जा, वाहतूक, मजुरी अशा मुद्द्यांवर गुण द्यायचे. पण काही मुद्द्यांना गुण नसतात, आम्पेल असतो. आम्पेल म्हणजे सिग्नलचा दिवा. हिरवा, पिवळा, लाल. त्यातला एकही लाल आला की ते ठिकाण बाद, बाकीचे गुण बघायचेच नाहीत. सरकारी पाठिंबा हा असाच मुद्दा होता. पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या नव्या प्रेस लाइनला तिथलं सरकार अनुदान देणार का, आणि ते सरकार टिकणार का?

वेल्सचं सरकार लंडनहून वेगळं आहे. त्यांची स्वतःची असेंब्ली आहे, आणि तिची निवडणूक ३ मे रोजी होती. गॅरेथनं सगळं नीट समजावलं. मतदाराला दोन मतं, एक उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला. हेर बाउमान खूश झाले. "गेनाऊ, अगदी आमच्यासारखंच की!" जर्मनीत पक्षांना नावापेक्षा रंगानंच जास्त ओळखतात, म्हणून गॅरेथही रंगांवर आला. सत्तेत मजुरांचा पक्ष होता, तो लाल. अनुदान त्याच सरकारनं कबूल केलं होतं.

एवढं झाल्यावर हेर कुन आत आले, कॉफी ओतून घेतली आणि बसता बसता त्यांनी विचारलं, "आणि वेल्समध्ये राजकीय परिस्थिती कशी आहे?"

गॅरेथ हसला. "वेल्स लाल राहील. माझ्या आजोबांच्या काळापासून लाल आहे. आमच्या खोऱ्यात दुसरा रंग कोणी पाहिलेलाच नाही."

"धन्यवाद," हेर कुन म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

ती शीट माझ्या हातात आली ईस्टरनंतर. वेल्सच्या ओळीत गुण सगळ्यात जास्त. शेवटच्या, सरकारी पाठिंब्याच्या रकान्यात लाल. मी तशीच उठून हेर कुनांच्या खोलीत गेले.

"हे लाल कुठून आलं?"

"त्यानंच सांगितलं. तुम्ही होतात की तिथे. आजोबांच्या काळापासून लाल."

"हेर कुन, तो पक्षाबद्दल बोलत होता. लाल पक्ष! सरकार बदलणार नाही, असं सांगत होता. म्हणजे हिरवं!"

"आख सो, असं होय," ते म्हणाले. मग हळूच : "आणि मला वाटलं होतं, निदान एक तरी प्लांट मॅनेजर खरं बोलला."

मला हसू आलं. पुढचं ऐकल्यावर ते गेलं. लाल म्हणजे बाद, म्हणून त्यांनी वेल्सकडून अनुदानाचं लेखी हमीपत्र मागवलंच नव्हतं. बाकी दोघांकडून मार्चमध्येच मागवलं होतं. दोघांचीही पत्रं येऊन फायलीला लागली होती.

मी गॅरेथला फोन केला. हमीपत्र हवंय, आणि तातडीनं हवंय.

"आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता निवडणूक लागलीय. निकाल लागेपर्यंत एकही अधिकारी नव्या वचनावर सही करणार नाही. नियमच आहे तसा. मार्चमध्ये का नाही मागितलंत? मार्चमध्ये आठवड्यात दिलं असतं."

मी म्हटलं, "बघते." दुसरं काय म्हणणार?

मी हेर बाउमानांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हिरवं करायचं? फ्राऊ गोखले, पेपरात येतंय की लाल पक्ष घसरतोय. पत्राशिवाय हिरव्यावर तुम्ही सही कराल?"

"नाही."

"मग पिवळं. फोरश्टांडची बैठक मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे." फोरश्टांड म्हणजे कंपनीचं संचालक मंडळ. "तोवर पत्र आणा. पिवळं घेऊन मी आत जाणार नाही."

३ मे रोजी मतदान झालं. लाल पक्ष सगळ्यात मोठा राहिला, पण जागा घटल्या आणि बहुमत बरंच लांब राहिलं. गॅरेथचा आवाज उतरला होता.

"माझ्या वडिलांनी आयुष्यभर लाल पक्षाला मत दिलं," तो म्हणाला. "या वेळी नाही दिलं. मला बोललेसुद्धा नाहीत. आईकडून कळलं."

"मग कोणाला दिलं?"

"ते आईलाही सांगत नाहीत."

मग बोलणी सुरू झाली. लाल पक्ष एकटा राज्य करू शकत नव्हता. इतर तीन पक्ष, ज्यांचं एरवी एकमेकांशी पटत नाही, ते एकत्र यायचं म्हणू लागले. त्याला तिकडे नाव पडलं इंद्रधनुष्य. त्या महिन्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आलेल्या होत्या. जेवताना मी हे सांगत होते.

"यांच्याकडे अपक्ष नाहीत का गं?" त्यांनी विचारलं.

"एक आहे, आई."

"एकानं काय होतंय! आणि पळवायला हॉटेलं तरी आहेत का तिकडे?"

आमची मुलगी जर्मनमध्ये म्हणाली की आजी बरोबर बोलते आहे. सगळे हसलो. मी जरा कमी.

गॅरेथ रजा टाकून कार्डिफला गेला. अधिकाऱ्याच्या दारात दोन दिवस बसला. पत्र तयार होतं, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. फक्त मंत्र्याच्या नावाची जागा कोरी होती. जुने मंत्री जाण्याच्या बेतात होते, ते सही करेनात. नवे कोण, ते ठरेना.

मी हेर बाउमानांना सांगितलं. "तीन पक्षांचं सरकार येईल कदाचित. अनुदान तेही देतील. कारखाने सगळ्यांनाच हवे असतात."

"कदाचित," ते म्हणाले. "इंद्रधनुष्यासाठी माझ्या शीटमध्ये रंग नाही, फ्राऊ गोखले. पत्र नसेल तर नियमानं लाल होतं. आल्झो, म्हणजे लाल."

बैठक झाली. काम स्लोव्हाकियाला गेलं. त्यानंतर काही दिवसांतच इंद्रधनुष्य फिसकटलं आणि लाल पक्षाचेच लोक पुन्हा खुर्चीवर बसले. उन्हाळ्यात त्यांनी वेल्सचं वेगळेपण जपणाऱ्या पक्षाशी हातमिळवणी केली आणि सरकार पक्कं झालं. हमीपत्र जूनमध्ये फॅक्सनं आलं. सही होती, शिक्का होता, रक्कमही ठरल्याप्रमाणे होती. हेर कुन स्वतः ते घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेले.

वेल्स लाल राहिलं. गॅरेथचं म्हणणं शेवटी खरं ठरलं. प्लांट पुढच्या वर्षी बंद झाला. शेवटच्या आठवड्यात मी तिथे होते, टूल्सची, म्हणजे प्रेसच्या साच्यांची यादी करून ते ट्रकमध्ये चढवायला. माणसं टूल्स पुसून, तेल लावून देत होती. नीट देत होती. एकानं विचारलं, "तिकडच्या लोकांना ही तीन नंबरची डाय, हा साचा, जमेल ना? ती जरा त्रास देते." मी त्याच्याकडून त्रास काय तो लिहून घेतला.

हेर कुनांनी शीटमधून रंग काढून टाकले. आता आकडे आहेत, एक ते पाच. पहिल्याच वेळी आमच्या पुण्याच्या टीमनं उत्तम म्हणून सगळीकडे पाच भरले. जर्मन शाळेत पाच म्हणजे नापास. आता दर शीटच्या डोक्यावर मी ठळक अक्षरांत लिहिते : एक म्हणजे चांगलं. आणि मीटिंगला कोणी उशिरा आलं की झालेलं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगते. लोक वैतागतात. वैतागू देत.

प्लांट बंद झाल्यावर गॅरेथची एक मेल आली. तक्रार नव्हती. त्याला आता गोदामात नोकरी मिळाली होती, वडील बरे होते. शेवटी एकच प्रश्न होता : बाकी दोघांकडून पत्र मार्चमध्ये मागवलंत, मग आमच्याकडूनच का नाही?

उत्तर दोन ओळींचं आहे. त्यातली एक ओळ त्यानंच त्या मीटिंगमध्ये म्हटलेली आहे. मी ते तीनदा लिहायला घेतलं. अजून पाठवायचं आहे.