लाल घरं, हिरवा अहवाल

आमच्या फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. त्यात फार तर दोन ओळी मावतात. उरलेलं आम्ही सर्व्हेवाल्या बायका घरी घेऊन जातो. मग एखाद्या दुपारी पनवेलच्या ऑफिसात डबे उघडले की एकीचं ऐकून दुसरीला आठवतं, दुसरीचं ऐकून तिसरीला, आणि डबे धुऊन झाले तरी कोणी उठत नाही. पूर्वी आम्ही हसायचो. हल्ली सांगता सांगता माझा आवाज चढतो.

सर्व्हे तसा साधा. टॅबवर प्रत्येक प्रश्नाला तीन चित्रं. लाल म्हणजे हाल, पिवळं म्हणजे कसंबसं, हिरवं म्हणजे ठीक. आपलं घर किती गरीब आहे ते त्या घरानंच ठरवायचं, आम्ही फक्त टॅब पुढे धरायचा. जिथे लाल, तिथे आमची संस्था मदत करणार. ट्रेनिंगला आमचे सर म्हणाले होते, “ठरवणारे आपण कोण? लोक स्वतः ठरवतील.” मला ते इतकं पटलं होतं की मी वहीत लिहून घेतलं.

•

कामोठ्याच्या जुन्या गावातली एक खोली. नवरा रिक्षा चालवणारा, बायको घरी ब्लाउज शिवणारी. टॅब नवऱ्यानं हातात घेतला आणि भराभर हिरवं दाबत सुटला. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ असा प्रश्न आला. तेही हिरवं.

“लिहा मॅडम, दोघं मिळून घेतो.”

मी बायकोकडे बघितलं. तिनं मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही.

“आत्ता घेतला ना,” ती म्हणाली, “तुमच्यासमोरच.”

ऑफिसात येऊन मी म्हटलं, सर, बायकांचा फॉर्म वेगळा भरू. सर म्हणाले, “एका घराचा एकच फॉर्म असतो.” म्हणजे तो नवऱ्याचा असतो, हे त्यांना सांगायला लागलं नाही.

•

खारघरच्या एका टॉवरमधून निरोप आला की आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचा सर्व्हे इथेच करा. क्लबहाऊसमध्ये टेबल मांडलं होतं. सविता नावाची बाई आली, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्या मॅडमही बसल्या. “ती लाजते. मी सांगते.”

खरंच सगळं त्याच सांगत होत्या. सविताच्या घराची भिंत कसली, तिची मुलगी कितवीत, सगळं. मग संडासाचा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, “हिरवं. तिच्या घरी आहे, मला माहितीये.”

तेव्हा सविता पहिल्यांदा बोलली. “घरी आहे. पण सकाळी सातला मी इथं येते ते संध्याकाळी जाते. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये मला जायला एकही संडास नाही. मी दिवसभर पाणी पीत नाही, ताई. मग कुठलं दाबू?”

“अगं, मग विचारायचं ना,” मॅडम म्हणाल्या.

“विचारलं होतं. तुम्ही मला सोसायटीचा नियम दाखवलात.”

तिनं स्वतःच्या बोटानं लाल दाबलं. पुढचे सगळे प्रश्न मग तिनंच वाचले.

•

खाडीकाठी द्वारकाबाई भेटल्या. साठी उलटलेली, उन्हात जाळं पसरून बसलेल्या. प्रश्न होता, ‘कमावण्यासाठी लागणारं कौशल्य तुमच्याकडे आहे का?’ त्यांनी लालवर बोट ठेवायची मी वाट बघत होते, कारण मासळी विकणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं होतं. त्यांनी हिरवं दाबलं.

“मावशी, पण आता कमाई नाही ना?”

“मना जाळं विणता येतं, होडी वल्हवता येते, मासा बघून भाव सांगता येतो. मी हिरवीच हाय. ती बघ तिकडं, अर्धी भरावानं बुजवली, उरली ती काळी करून टाकली. खाडी लाल हाय. तिचा फॉर्म भर.”

पुढचा कमाईचा प्रश्न लाल आला, त्यावर संस्थेनं त्यांना काय दिलं माहितेय? अगरबत्ती वळायचं प्रशिक्षण. त्या गेल्या नाहीत. गैरहजर म्हणून त्यांच्या नावापुढे शेरा मात्र माझ्याच हातानं पडला.

•

आता जे सांगते त्यात मीही आहे.

ओवे गावाच्या कडेला कुंदाबाईंचं घर आहे. पाण्याच्या प्रश्नाला हिरव्या चित्रात घरातला नळ होता. त्यांच्या ओट्यावर नळ होता, चकचकीत. त्यांनी लाल दाबलं.

“नळ हाय,” म्हणाल्या, “पाणी नाय. बसवला तवा फोटो काढून नेला, त्या दिवशी आलं होतं.”

मी लाल ठेवलं, नळाचा फोटो जोडला. संध्याकाळी सरांचा फोन. “फोटोत नळ दिसतोय आणि तू लाल काय लावलंस? वर पाठवायचंय. हिरवं कर.”

“सर, त्यांनी स्वतः दाबलंय.”

“त्यांना प्रश्न कळला नसेल.”

मी केलं. करार पुढच्या महिन्यात संपत होता, म्हणून केलं. कारण सांगितलं तरी केलं ते केलंच.

पावसाळ्यानंतर त्या गावात पाण्याच्या टाक्या वाटल्या, लाल घरांना. कुंदाबाई दोन बस बदलून ऑफिसात आल्या. दारातच उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, शिवी नाही.

“मी लाल दाबला होता. माझा लाल कोनी नेला?”

सर म्हणाले, “सिस्टीममध्ये काहीतरी झालं असेल.” मी टेबलावरच्या टॅबकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना तेवढ्यात कळलं. पुढच्या यादीत त्यांचं नाव मी लावून घेतलं, सरांशी भांडून. टाकी आली. त्यानंतर मी गेले तर त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

•

आणि हा शैलाताईचा.

शैलाताई आमच्यात सगळ्यांत जुनी. दरवर्षी करार नवा, ती तीच. मागच्या हिवाळ्यात मुंबईहून देणगीदार पाहुणे आले. सर्व्हे कसा चालतो ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. सर तिला म्हणाले, “शैला, एखाद्या घराचा फॉर्म भरून दाखव.” पडद्यावर नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो.

ती भरायला लागली. मी शेजारीच होते. तिसऱ्या प्रश्नाला मला कळलं की ती स्वतःच्या घराचा फॉर्म भरतेय. नोकरीची खात्री, लाल. घराचं छप्पर, लाल. आजारपणात उपचार, लाल. गेले सहा महिने ती एकाच बाजूनं जेवत होती, दाढ दाखवायला गेली नव्हती. हात जराही थांबला नाही.

पडदा लाल झाला. पाहुण्यांतल्या बाईंनी चष्मा काढला. “किती वाईट अवस्था आहे. या कुटुंबाशी तुमचा संपर्क असतो का?”

“म्हणजे काय,” सर म्हणाले, “रोजचा. आमची माणसं प्रत्येक घराला नावानिशी ओळखतात.”

“काय नाव या बाईंचं?”

सर मागे वळले. “शैला, काय गं नाव त्यांचं?”

ती म्हणाली, “शैला.”