पाचूबंदरातले प्लासिड

माझ्या भावाचं नाव प्लासिड. आज पाचूबंदरात हे नाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, पण एक काळ असा होता की होडी लोटताना तो समोर आला तर माणसं तोंड फिरवत. मी हेलन, त्याची थोरली बहीण. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, तेव्हा मध्ये कुणी शहाणपणा करू नये.

आम्हा ख्रिस्ती कोळ्यांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, दुसऱ्याला आईच्या बापाचं. माझे दोघे भाऊ ती नावं घेऊन बसले होते. तिसरा झाला तेव्हा घरात नावच शिल्लक नव्हतं. फादरांनी संतांचं कॅलेंडर उघडलं. पाच ऑक्टोबर. "संत प्लासिड. नावाचा अर्थ शांत," म्हणाले. आईला पटलं, कारण पोरगं रडतच नव्हतं.

पुढे एका रविवारी फादरांनी प्रवचनात त्या संताची गोष्ट सांगितली आणि घोळ झाला. हा प्लासिड लहानपणी तळ्यावर पाणी आणायला गेला, तोल जाऊन आत पडला, वाहून जाऊ लागला. मॉरस नावाचा सोबती पाण्यावरून धावत गेला आणि केस धरून त्याला बाहेर काढलं. गोष्ट एवढीच. पण आमच्या तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या मंडळींनी, 'पाण्यात पडला' एवढंच उचललं. पुढचं ऐकायला कान कुठे होते त्यांना? पाण्यात पडणाऱ्याचं नाव लावणारा माणूस होडीवर नको, असं ठरूनच गेलं.

सगळ्यांत चढा आवाज व्हिन्सेंट तांडेलाचा. प्लासिड चौदाचा झाला तेव्हा दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायच्या विधीला, बिशप येणार होते. त्या वेळी नवं नाव घेता येतं. व्हिन्सेंट आमच्या दारात येऊन म्हणाला, "पोरा, नाव बदलून ये. दुसऱ्या दिवशी होडीवर घेतो."

मी म्हटलं, घे रे बाबा, पीटर घे, पॉल घे, काय पन घे. त्याला होडीशिवाय दुसरं काही सुचत नसे, हे मला ठाऊक होतं. तो सावकाश म्हणाला, "तो पान्यातून वाचला ना, काका? वाचलेल्याचं नाव हाय माझं. नाय बदलनार."

व्हिन्सेंट पाय आपटत गेला. मीही दोन दिवस भावाशी बोलले नाही.

सात वर्षं तो किनाऱ्यावर राहिला. जाळी विणली, नांगरलेल्या होड्यांपर्यंत पोहत जाऊन दोर बांधले, परतलेल्या होड्या छातीभर पाण्यात उभं राहून ओढल्या. त्याच्या बरोबरीचे वल्ही मारत निघून जायचे आणि हा ओल्या कपड्यांनी बघत उभा. मला ते बघवत नसे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मी मुद्दाम दुसऱ्या वाटेनं जायची. पण एक झालं, बंदरातलं पाणी त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

एक्कावन्न सालचा मे महिना. शेवटच्या होड्या परतत होत्या आणि भरदुपारी वारा उठला. खाडीच्या तोंडाशी व्हिन्सेंटची होडी आडवी झाली. चौघे तिला धरून राहिले, व्हिन्सेंट लाटांत दूर जाऊ लागला. किनाऱ्यावर सगळा गाव जपमाळा घेऊन उभा. प्लासिडने कमरेला दोर बांधला, टोक माझ्या हातात दिलं आणि गेला. मी दोर सोडत होते आणि त्याच्या त्या संताला शिव्या घालत होते, खोटं कशाला बोलू.

आणलं त्यानं व्हिन्सेंटला. केस धरून. व्हिन्सेंटला मूळचेच केस थोडे, त्यातले अर्धे भावाच्या मुठीत राहिले. मग तो पुन्हा गेला, होडीला दोर बांधला आणि गावाने ती चौघांसकट ओढून घेतली. वाळूवर खारं पाणी ओकून झाल्यावर व्हिन्सेंटने भावाकडे पाहिलं आणि तोंड झाकून रडला.

जुलैत व्हिन्सेंटच्या मुलाला पहिला मुलगा झाला. म्हणजे नाव व्हिन्सेंटच, आजोबाचं. घरच्यांनी तसं गावभर सांगूनही टाकलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी विचारलं, "नाव काय?" बाप तोंड उघडणार तेवढ्यात व्हिन्सेंट पुढे झाला.

"प्लासिड," म्हणाला. "माझं नाव ऱ्हाऊ द्या बाजूला. ज्याच्यामुळं नातू बघितला त्याचं लावा."

माझा भाऊ मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. शांत म्हणे. गडी थरथरत होता.

ऑगस्टात नवा हंगाम उघडताना फादरांनी होड्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. तेव्हा अख्ख्या बंदरासमोर व्हिन्सेंट होडीतून ओरडला, "प्लासिड, चढ." एकवीस वर्षांचा माझा भाऊ वल्हं घेऊन चढला. आनंद माझ्या छातीत मावेना. ज्यांनी ज्यांनी तोंडं फिरवली होती, त्या प्रत्येकाच्या दारावरून मी त्या दिवशी रिकामी पाटी मिरवत गेले.

अठ्ठावन्न सालापर्यंत चर्चच्या वहीत नऊ प्लासिड झाले. त्यातला एकही पाच ऑक्टोबरचा नाही. नवे फादर आले, ते विचारू लागले, इथे या संताला नवस बोलतात की काय.

आता ती पोरंही मोठी झाली. परवा भाकऱ्या झाल्यावर मी दारातून भावाला हाक मारली, "प्लासिड, जेवायला ये." कुणीच ओ दिली नाही. बंदरातले सगळे प्लासिड समुद्रावर गेले होते.